पंप उचलत नाही? दोरी ओढणं थांबवा, आधी प्लग बघा



पावसाने दोन दिवस उघडीप दिली की सगळ्यांची एकदमच फवारणीची घाई होते. औषध आणलेलं असतं, ड्रममध्ये पाणी भरलेलं असतं, माणूस सकाळी सातला बांधावर हजर असतो. आणि नेमका पेट्रोल पंप उचलत नाही. ओढ दोरी, ओढ दोरी, यात तास जातो. वारा सुटायच्या आत जी फवारणी उरकायची ती दुपारवर जाते, आणि दुपारी पुन्हा आभाळ भरून येतं. एवढ्या एका सकाळीमुळे अळी चार दिवस पुढे जाते.

या विषयावर बरेच फोन येत आहेत. म्हणून आजचा संदेश औषधाचा नाही, पंपाच्या इंजिनाचा आहे. जरा मोठा आहे, पण निवांत वाचा आणि जपून ठेवा. ब्रश कटर आणि चेनसॉ वापरणाऱ्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

*आजची मुख्य गोष्ट*
पाच-सहा वेळा दोरी ओढून इंजिन लागलं नाही, तर पुढे ओढत बसू नका. प्लग काढून बघा. प्लग ओला आहे की कोरडा, यावरून दोष कुठे आहे ते निम्मं कळतं. नुसती दोरी ओढत राहिलं तर पेट्रोल आणखी आत साठतं, स्टार्टरची दोरी तुटते, खांदा भरून येतो तो वेगळाच.

*१) आधी खात्री करा: पंप टू-स्ट्रोकच आहे ना?*
बाजारात पाठीवरचे पेट्रोल पंप दोन्ही प्रकारचे मिळतात. बाहेरून सारखेच दिसतात. ओळख सोपी आहे. इंजिनाला खाली ऑइल भरायचं वेगळं झाकण असेल आणि त्याला ऑइल मोजायची काडी असेल, तर तो फोर-स्ट्रोक. त्यात पेट्रोल साधंच टाकायचं, ऑइल वेगळं भरायचं. असं झाकण नसेल आणि पेट्रोलच्या टाकीवर मिश्रणाचं प्रमाण छापलेलं असेल, तर तो टू-स्ट्रोक. यात पेट्रोलमध्येच टू-टी ऑइल मिसळायचं.

टू-स्ट्रोकमध्ये ऑइलची वेगळी टाकी नसते. पेट्रोलबरोबर जे ऑइल आत जातं तेच बेअरिंगला, पिस्टनला आणि सिलिंडरला वंगण देतं. म्हणून ऑइलशिवाय नुसतं पेट्रोल टाकून पाच मिनिटंही चालवू नका. पिस्टन जाम होतो, आणि मग दुरुस्तीचा खर्च पंपाच्या किमतीच्या जवळ जातो.

*२) पेट्रोल: सगळ्यात जास्त दोष इथेच असतो*
मागच्या हंगामात टाकीत राहिलेलं पेट्रोल तसंच वापरायचं, ही आपल्याकडची सगळ्यात मोठी अडचण आहे. पेट्रोल हे अनेक घटकांचं मिश्रण असतं. त्यातला जो हलका भाग लगेच पेट घेतो, तोच आधी उडून जातो. उरतं ते जड पेट्रोल आणि ऑइल. गार इंजिन अशा पेट्रोलवर लागत नाही. शिवाय कार्बोरेटरच्या बारीक भोकांत त्याचा चिकट थर बसतो.

दुसरी गोष्ट इथेनॉलची. हल्ली पंपावर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पावसाळ्याच्या दमट हवेत अर्धी रिकामी टाकी किंवा ढिल्या झाकणाचा कॅन ठेवला की हवेतला ओलावा त्यात जातो. पाणी एका मर्यादेच्या वर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळं होतं आणि तळाला बसतं. आणि टाकीतून पेट्रोल ओढणारी नळी तळालाच असते. म्हणजे इंजिनाला पहिल्यांदा तेच जातं. जुन्या यंत्रांच्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरमधले रबरी पडदेही इथेनॉलमुळे कडक होतात, चिरतात.

घरच्या घरी तपासणी: टाकीतलं थोडं पेट्रोल स्वच्छ काचेच्या बाटलीत घ्या. पाच-दहा मिनिटं सावलीत हलवू नका. खाली वेगळा थर दिसला, गढूळ दिसलं किंवा वार्निशसारखा आंबट वास आला, तर ते वापरू नका. विहिरीजवळ, नाल्यात किंवा शेतात ओतू नका. गॅरेजवाल्याकडे द्या.

लक्षात ठेवा:
• मिश्रण लागेल तेवढंच बनवा. महिन्याच्या वर ठेवू नका. पावसाळ्यात पंधरा दिवसांत संपवलेलं बरं.
• घट्ट झाकणाच्या पेट्रोलच्या कॅनमध्येच ठेवा. पाण्याच्या बाटलीत अजिबात नको. घरात लहान मुलं असतात, तहानलेला माणूस असतो, बाटली कोण उचलेल सांगता येत नाही.
• टाकीत ओतताना बारीक गाळणी वापरा.

*३) ऑइलचं प्रमाण*
तुमच्या यंत्राच्या टाकीवर किंवा पुस्तिकेत जे प्रमाण दिलं असेल तेच वापरा. शेजाऱ्याच्या पंपाचं प्रमाण आपल्या पंपाला चालेलच असं नाही. १ लिटर पेट्रोलला टू-टी ऑइल असं लागतं:
• २५ : १ असेल तर ४० मिली
• ३० : १ असेल तर ३३ मिली
• ४० : १ असेल तर २५ मिली
• ५० : १ असेल तर २० मिली

"ऑइल जास्त टाकलं की इंजिन जास्त टिकतं" असं बरेच जण समजतात. तसं होत नाही. जास्तीचं ऑइल नीट जळत नाही. त्याची काजळी प्लगवर आणि सायलेन्सरच्या तोंडाशी बसते. मग प्लग मारत नाही, धूर बाहेर पडायला जागा राहत नाही, आणि पंप लागायला त्रास देतो. कमी टाकलं तर पिस्टन जातो. म्हणून अंदाजे धार धरू नका, मोजून टाका. मोजायला वेगळं माप ठेवा. औषधाचं माप ऑइलला आणि ऑइलचं माप औषधाला वापरू नका.

ट्रॅक्टरचं किंवा फोर-स्ट्रोक गाडीचं ऑइल यात चालत नाही. काढलेलं जुनं ऑइल तर नाहीच. मिश्रण कॅनमध्ये करा: अर्धं पेट्रोल, मग सगळं ऑइल, चांगलं हलवा, मग उरलेलं पेट्रोल टाकून पुन्हा हलवा. दर वेळी टाकी भरण्याआधी कॅन एकदा हलवून घ्या.

*४) सुरू करायची बरोबर पद्धत (गार इंजिन)*
१. पंप सपाट जमिनीवर ठेवा. पाठीवर घेऊन दोरी ओढायची नाही.
२. बंद करायचं बटण "चालू"वर आहे का बघा. हसू नका, यावरूनही फोन येतात.
३. पेट्रोलचा कॉक असेल तर उघडा. रबरी फुगा असेल तर सहा-सात वेळा दाबा, फुग्यात पेट्रोल दिसायला हवं.
४. प्रेशरची खिट्टी असेल तर सुटी ठेवा, म्हणजे सुरू होताना पाण्याच्या दाबाचा भार इंजिनावर येत नाही.
५. चोक बंद करा. गार इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून सुरुवातीला हवा कमी आणि पेट्रोल जास्त लागतं. चोकचं काम तेवढंच.
६. एका हाताने यंत्र दाबून धरा. दोरी आधी हळू ओढा. जिथे अडल्यासारखं वाटेल तिथून एक झटका द्या. पूर्ण लांबीपर्यंत ताणू नका, आणि सोडून देऊ नका, हाताने परत आत जाऊ द्या.
७. दोन-चार ओढीत "फट" असा एकदा आवाज येईल. *आवाज आला की चोक लगेच उघडा.* मग एक-दोन ओढीत इंजिन लागतं.
८. लागल्यावर एक-दोन मिनिटं हळू चालू द्या, मग रेस वाढवा.

सातवी पायरी सगळ्यात जास्त चुकते. पहिला "फट" आवाज म्हणजे आत भरपूर पेट्रोल पोचलं आहे. तरी चोक बंद ठेवून ओढत राहिलं की पेट्रोल ओव्हर होतं, प्लग भिजतो, आणि भिजलेला प्लग ठिणगी देत नाही.

ब्रश कटर सुरू करताना पातं कशालाही टेकलेलं नको आणि जवळ कोणी उभं नको. चोकवर सुरू झाल्याबरोबर पातं फिरू शकतं.

*५) प्लग काय सांगतो*
प्लगची टोपी हाताने काढा, वायरला धरून ओढू नका. आजूबाजूची माती पुसून घ्या, नाहीतर ती सिलिंडरमध्ये जाते. मग पान्ह्याने प्लग काढा.

*प्लग ओला आहे:* पेट्रोल पोचतंय, पण पेटत नाही. बहुतेक वेळा ओव्हर झालेलं असतं. बटण "बंद"वर करा, चोक उघडा, रेस पूर्ण द्या, आणि प्लगचं भोक आपल्यापासून दुसरीकडे करून सात-आठ वेळा दोरी ओढा. साठलेलं पेट्रोल बाहेर उडेल. ते पुसा, पाच-दहा मिनिटं वाळू द्या. प्लग कोरड्या फडक्याने पुसा, काजळी असेल तर साफ करा. पुन्हा लावून चोक *न लावता* सुरू करा. या वेळी जवळपास बिडी, काडी, चूल काहीही नको.

तरीही लागला नाही तर ठिणगी तपासा. आधी सांडलेलं पेट्रोल पूर्ण वाळलंय ना बघा, प्लगच्या भोकात कोरडं फडकं घाला. प्लग टोपीत बसवा, त्याचा लोखंडी भाग इंजिनाच्या धातूला, भोकापासून लांब टेकवा. प्लग उघड्या हाताने धरू नका, रबरी हातमोजा किंवा रबरी मुठीची पक्कड वापरा. बटण चालू करून दोरी ओढा. निळी, ठसठशीत ठिणगी पडली तर ठीक. पिवळसर, बारीक पडली किंवा पडलीच नाही, तर नवा प्लग लावून बघा. नव्या प्लगलाही करंट नसेल तर दोष वायर, बटण किंवा कॉइलमध्ये आहे. प्लगच्या दोन टोकांतलं अंतर साधारण ०.६ ते ०.७ मिमी असावं, म्हणजे हॅक्सॉ ब्लेडच्या जाडीएवढं.

*प्लग कोरडा आहे:* पेट्रोल पोचतच नाही. या क्रमाने बघा: टाकीत पेट्रोल आहे का, कॉक उघडा आहे का, नळी चिरली किंवा पिळली आहे का, टाकीतल्या नळीच्या टोकाचा फिल्टर तुंबला आहे का. फिल्टर काळा, चिकट झाला असेल तर बदला. एक सोपी चाचणी: प्लगच्या भोकात मिश्रणाचे चार-पाच थेंबच टाका, प्लग लावा आणि दोरी ओढा. इंजिन क्षणभर लागून बंद पडलं, तर ठिणगी आणि कॉम्प्रेशन दोन्ही ठीक आहेत. दोष फक्त पेट्रोल येण्याच्या वाटेत आहे.

*प्लगचा रंग:* फिकट विटकरी असेल तर सगळं ठीक. काळा आणि तेलकट असेल तर ऑइल जास्त, चोक अर्धवट बंद किंवा हवेचा फिल्टर घाण. पांढरट असेल तर पेट्रोल कमी पडतंय आणि इंजिन जास्त तापतंय. अशा वेळी चालवत राहू नका, मेकॅनिकला दाखवा.

*६) लागतो, पण थोड्या वेळाने बंद पडतो*
टाकीचं झाकण अर्धा आटा ढिलं करून बघा. लगेच नीट चालायला लागला, तर झाकणातलं हवेचं बारीक भोक मातीने बुजलं आहे. पेट्रोल जसं कमी होतं तशी टाकीत हवा आत यावी लागते. हवा आली नाही की पेट्रोल थांबतं. भोक साफ करा, झाकण पुन्हा घट्ट लावा. ढिल्या झाकणाने फवारणी करू नका, पेट्रोल पाठीवर आणि तापलेल्या सायलेन्सरवर सांडेल.

झाकण ठीक असेल तर हवेचा फिल्टर बघा. स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुवा, दाबून पाणी काढा, पूर्ण वाळवा, ऑइलचे दोन-चार थेंब लावून पुन्हा दाबून घ्या. पिळू नका, फाटतो. फिल्टर काढून पंप चालवू नका, धूळ सरळ सिलिंडरमध्ये जाऊन रिंग खाते.

*७) गरम पंप पुन्हा लागत नाही*
टाकी भरायला थांबलात आणि पंप पुन्हा लागेना, तर चोक लावू नका. गरम इंजिनाला चोक लागत नाही, उलट ओव्हर होतं. थोडी रेस देऊन ओढा. तरी लागला नाही तर दहा मिनिटं सावलीत ठेवा. पेट्रोल भरतानाही इंजिन आधी गार होऊ द्या. सांडलेलं पुसा, आणि भरल्या जागेपासून दहा पावलं लांब जाऊन सुरू करा.

*८) मेकॅनिककडे कधी जायचं*
दोरी ओढताना अजिबात जोर लागत नसेल, हलकी जात असेल, तर कॉम्प्रेशन गेलं आहे. रिंग किंवा सिलिंडरचं काम आहे. दोरी हलतच नसेल तर जबरदस्ती नको, पिस्टन जाम असू शकतो. कार्बोरेटरचे स्क्रू स्वतः फिरवू नका. पंप लागत नाही म्हणून आधी स्क्रू फिरवला की एका दोषाचे दोन दोष होतात, आणि मेकॅनिकलाही मूळ दोष सापडत नाही.

*९) जिवाशी खेळ नको*
• *आधी इंजिन, मग औषध.* पंप सुरू होतोय याची खात्री झाल्यावरच औषध कालवा. कालवलेलं द्रावण उद्यासाठी ठेवता येत नाही.
• फवारणी चालू असताना पंप बंद पडला तर तो पाठीवरून उतरवा, हात साबणाने धुवा, मगच प्लगला हात लावा. औषधाच्या हाताने घाम पुसला जातो, तंबाखू चोळली जाते.
• नोझल, जेट किंवा नळी तोंडाने फुंकू नका, पेट्रोल तोंडाने ओढू नका. बारीक ब्रश किंवा सायकलचा हवेचा पंप वापरा.
• पेट्रोल पोटात गेलं तर उलटी करवू नका, लगेच दवाखान्यात न्या. औषधाची बाधा वाटली तर औषधाची बाटली किंवा तिचं लेबल सोबत न्या, डॉक्टरांना उपचार ठरवायला ते लागतं.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण कोणी विसरलेलो नाही. पंप वेळेवर लागला नाही की माणूस चिडतो, घाई करतो. मोजे, मास्क बाजूला राहतात, आणि भर उन्हात, वाऱ्यात फवारणी होते. म्हणून पंप धड ठेवणं हासुद्धा सुरक्षित फवारणीचाच भाग आहे.

*१०) हंगाम संपल्यावर*
पेट्रोलची टाकी रिकामी करा. पंप सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत हळू चालू द्या, म्हणजे कार्बोरेटरही रिकामा होतो. हे करताना औषधाच्या टाकीत साधं पाणी ठेवा, पंप कोरडा चालवू नका. इंजिन गार झाल्यावर प्लग काढा, भोकात अर्धा चमचा टू-टी ऑइल टाका, दोरी दोन-तीनदा हळू ओढा, प्लग परत लावा. औषधाची टाकी धुऊन पूर्ण रिकामी करा आणि पंप कोरड्या जागी, जनावरांच्या चाऱ्यापासून आणि धान्यापासून लांब ठेवा. पुढच्या हंगामात तो चार ओढीत लागेल.

*फवारणीच्या आदल्या संध्याकाळी एवढंच करा:*
✅ ताजं मिश्रण मोजून बनवा
✅ हवेचा फिल्टर आणि प्लग बघा
✅ साधं पाणी भरून पंप दहा मिनिटं चालवा, नोझलही तपासून होतील
✅ पिशवीत जादा प्लग, प्लग पान्हा आणि कोरडं फडकं ठेवा

औजार बँकेतून पंप नेणाऱ्या सभासदांना विनंती: नेताना तिथेच सुरू करून बघा. परत देताना टाकीत पेट्रोल ठेवू नका, आणि काही दोष जाणवला असेल तर चिठ्ठीवर लिहून पंपाला बांधा. तुमच्यानंतर जो नेईल त्याचीही उघडीप दोनच दिवसांची असते.

पंप लागत नसेल आणि फोन करायचा असेल, तर आधी प्लग काढून बघा. ओला की कोरडा, एवढं सांगितलंत की पुढचं बोलणं सोपं होतं. प्लगचा फोटो पाठवलात तर आणखी चांगलं.

आपला,
कृषी सल्लागार
आपली शेतकरी उत्पादक कंपनी